हाय फ्लक्स डायलायझर घेतला तर बाबांची लघवी टिकेल का? जरा सविस्तर उत्तर

आधी तुम्ही काय विचारलंय ते माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुम्हाला लगेच कळेल. बाबांचं वय ६१, डायबेटिस जुना, डायलिसिस सुरू होऊन पाच महिने झाले, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, चार-चार तास. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी. वजन ५८ किलो. लघवी अजून होते, तुमच्या अंदाजाने दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास. डायलिसिस महात्मा फुले योजनेतून होतं आणि तुमच्या सेंटरला त्यात लो फ्लक्स डायलायझर मिळतो. डायलायझर म्हणजे मशीनला लावलेली रक्त गाळायची गाळणी, लो फ्लक्सची छिद्रं बारीक, हाय फ्लक्सची मोठी. आता कुणीतरी सांगितलं की पदरचे पैसे घालून हाय फ्लक्स घ्या, त्याने उरलेली किडनी टिकते. शेजारच्या बेडवरचे काका म्हणतात कशाचाच उपयोग नाही, डायलिसिस लागलं की वर्षभरात लघवी बंद होतेच. आणि प्रश्नाच्या अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की गेल्या महिन्यात दोन वेळा मशीनवर असताना बाबांचं बीपी ९० च्या खाली गेलं, सलाईन द्यावं लागलं, आणि घरी आल्यावर ते रात्रीपर्यंत पडून होते.

मी नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीची डॉक्टर आहे, बरीच वर्षं जिल्ह्याच्या गावात डायलिसिस युनिट बघते. मला विचाराल तर तुमच्या अख्ख्या प्रश्नात ते शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. बाबांची लघवी टिकवायची असेल तर डायलायझर कुठला यापेक्षा त्या चार तासांत त्यांचं बीपी पडतं की नाही, पाणी किती आणि किती घाईने काढलं जातं, डायलिसिसचं पाणी किती स्वच्छ आहे आणि घरी कुठल्या गोळ्या पोटात जातात, याने जास्त फरक पडतो. हाय फ्लक्स वाईट अजिबात नाही, त्याचे स्वतःचे फायदे आहेत, पण लघवी टिकेल या आशेने तुम्ही कर्ज काढून तो घेणार असाल तर मी थांबा म्हणेन. का म्हणते ते आता नीट सांगते, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, पाऊण लिटर लघवीला कमी समजू नका. घरच्यांना वाटतं की किडनी तर गेलीच, आता हे थेंब-दोन थेंब राहिले काय आणि गेले काय. पण हिशोब करून बघा. समजा बाबांची उरलेली किडनी मिनिटाला फक्त ३ मिली रक्त साफ करतेय, नॉर्मल माणसात हाच आकडा शंभरच्या आसपास असतो म्हणजे ३ म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण आठवड्यात १०,०८० मिनिटं असतात आणि किडनी त्यातलं एकही मिनिट सुट्टी घेत नाही, म्हणजे आठवड्याला ३० लिटर झाले. आता मशीनकडे बघू. बीटा टू मायक्रोग्लोब्युलिन नावाचं एक मध्यम आकाराचं प्रोटीन आहे, डायलिसिसवर वर्षानुवर्षं असलेल्या लोकांच्या सांध्यांत, मनगटात साठून त्रास देणारं, हाय फ्लक्स डायलायझर किती चांगला हे बहुतेक वेळा यावरूनच मोजतात. अमेरिकेतल्या हीमो ट्रायलमध्ये, जिचे निकाल २००२ ला आले, हाय फ्लक्सने हे प्रोटीन मिनिटाला सरासरी ३३.८ मिली या वेगाने साफ केलं आणि लो फ्लक्सने फक्त ३.४. फरक दहापट, त्यामुळे हाय फ्लक्स विकणारा माणूस हा आकडा सांगणारच आणि तो खराही आहे. पण चार तासांचे २४० मिनिटं धरले तर हाय फ्लक्सचे एका वेळचे झाले साधारण ८ लिटर, आठवड्यातून दोनदा म्हणजे १६. लो फ्लक्सचे दोन वेळचे मिळून दीड-पावणेदोन लिटर. आणि बाबांची स्वतःची किडनी एकटी ३०.

म्हणजे हाय फ्लक्सने भर पडते, ते मी नाकारत नाही, पण उद्या बाबांची किडनी ३ वरून दीडवर आली तर आठवड्याला १५ लिटर गेले, म्हणजे हाय फ्लक्सने जे मिळवलं जवळजवळ तेवढंच हातातून गेलं. डायलिसिस हा आठवड्यातून दोनदा येणारा टँकर आहे आणि उरलेली किडनी म्हणजे दारातली झिरपती विहीर, टँकर मोठा मागवण्याच्या नादात विहिरीकडे दुर्लक्ष झालं तर हिशोब तोट्यातच जाणार. शिवाय इंडॉक्सिल सल्फेटसारखी काही विषं रक्तातल्या प्रोटीनला घट्ट चिकटून असतात, ती लो फ्लक्स काय नि हाय फ्लक्स काय, कुठल्याच डायलायझरमधून फारशी निघत नाहीत, किडनीच्या नळ्याच ती ओढून बाहेर टाकतात. यामुळेच लघवी असलेला पेशंट आणि लघवी पूर्ण बंद झालेला पेशंट, दोघांचे मशीनवरचे रिपोर्ट सारखे दिसले तरी दोघांची तब्येत सारखी नसते. पोटाच्या डायलिसिसवरच्या (मशीनऐवजी पोटात द्रव सोडून करतात ते) कॅनडा-अमेरिकेतल्या कनूसा स्टडीचं २००१ मध्ये पुन्हा विश्लेषण झालं तेव्हा रोजची लघवी दर २५० मिलीने जास्त असेल तर मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी दिसला. रक्ताच्या डायलिसिसवरही चॉइस नावाच्या अमेरिकन स्टडीत, एक वर्षानंतर ज्यांना लघवी होत होती त्यांच्यात मृत्यूचा धोका साधारण ३० टक्क्यांनी कमी होता. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, ज्यांची तब्येत मुळात बरी त्यांची लघवीही टिकते असंही असू शकतं, पण माझा रोजचा अनुभव याच बाजूने बोलतो. लघवी असलेल्या माणसाला दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी कमी साठतं, दम कमी लागतो, पोटॅशियम आणि फॉस्फरस आटोक्यात राहतं, जेवणावरची बंधनं थोडी सैल करता येतात.

आता मेम्ब्रेनचं, म्हणजे डायलायझरमधल्या गाळणाऱ्या पडद्याचं. हाय फ्लक्सने लघवी टिकते हा समज आला कुठून, त्यामागे खरंच काहीतरी आहे. जुन्या काळी, म्हणजे साठ ते ऐंशीच्या दशकात, डायलायझर कापसाच्या सेल्युलोजपासून बनायचे, त्यातला क्युप्रोफान सगळ्यात जास्त वापरला गेला. त्या मेम्ब्रेनला रक्त लागलं की शरीराला ती परकी वस्तू वाटायची, रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षणयंत्रणा खवळायची, पहिल्या १५ ते ३० मिनिटांत पांढऱ्या पेशी एकदम खाली जायच्या कारण त्या फुफ्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत जाऊन अडकायच्या. अशी सूज आठवड्यातून दोन-तीनदा आली तर आधीच अर्धमेली झालेली किडनी त्यात भाजून निघेल, हा तर्क होता, आणि नव्वदच्या दशकातल्या काही छोट्या स्टडीत सेल्युलोजच्या डायलायझरपेक्षा पॉलीसल्फोनसारख्या सिंथेटिक डायलायझरवर लघवी जरा जास्त दिवस टिकलेली दिसली. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या स्टीव्हनेजच्या लिस्टर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तर दाखवलं की हाय फ्लक्स सिंथेटिक मेम्ब्रेन आणि अतिशुद्ध पाणी वापरलं तर रक्ताच्या डायलिसिसवरही उरलेली किडनी पोटाच्या डायलिसिसइतक्याच हळू उतरते. तोपर्यंत सगळे धरून चालायचे की लघवी टिकवायची तर पोटाचंच डायलिसिस बरं.

पण इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. ती तुलना होती जुनं सेल्युलोज विरुद्ध सिंथेटिक. आज तुमच्या बाबांना जो लो फ्लक्स मिळतोय तो जवळजवळ नक्की सिंथेटिकच असेल. पुढच्या वेळी गेलात की टेक्निशियनला सांगून डायलायझरवरचं स्टिकर वाचा. त्यावर पॉलीसल्फोन किंवा पॉलीइथरसल्फोन लिहिलेलं दिसेल, म्हणजे क्युप्रोफानवाली भानगड तुमच्याकडे नाहीच. त्याच स्टिकरवर सरफेस एरिया असतो, १.३ किंवा १.८ स्क्वेअर मीटर वगैरे. मग केयूएफ असा एक आकडा असतो, तो म्हणजे दाबाच्या प्रत्येक एककाला तासाला किती मिली पाणी आरपार जातं, लो फ्लक्समध्ये तो दहाच्या आत-बाहेर असतो, हाय फ्लक्समध्ये २० च्या वर, बऱ्याचदा ४०-५० च्याही पुढे. आणि स्टरिलायझेशन कशाने केलं तेही लिहिलेलं असतं, स्टीम, गॅमा की ईटीओ गॅस. पेशंटला डायलिसिस सुरू झाल्या झाल्या खाज, शिंका, धाप असं काही होत असेल तर हा शेवटचा तपशील कामाचा असतो, गॅसवाला बदलून स्टीमवाला घेऊन बघतात. तर एकाच मटेरियलचे लो फ्लक्स आणि हाय फ्लक्स घेतले तर रक्ताला दोन्ही जवळजवळ सारखेच सोसतात, फक्त छिद्रांचा आकार वेगळा. आणि छिद्रं मोठी केल्याने लघवी जास्त टिकते असं ठामपणे सांगेल असा मोठा पुरावा नाही.

मग हाय फ्लक्स कुणाला? हीमो ट्रायलमध्ये एकूण मृत्यूदरात हाय फ्लक्सने फरक पडला नाही, पण ज्यांचं डायलिसिस आधीच ३.७ वर्षांपेक्षा जास्त चाललं होतं त्यांना फायदा झालेला दिसला. २००९ मध्ये युरोपातली एमपीओ स्टडी आली, त्यात ज्यांचं अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) ४ किंवा त्याहून कमी होतं त्यांना हाय फ्लक्सवर फायदा दिसला, आणि नंतर आकडे तपासताना डायबेटिसवाल्यांतही. बाबांना डायबेटिस आहे, तेव्हा त्या दृष्टीने हाय फ्लक्सचा विचार करणं चूक नाही, घर सहज चालत असेल, पैशाची ओढाताण होत नसेल, आणि सेंटरचं पाणी चांगलं असेल तर मी स्वतःही हो म्हणेन. सध्या त्याहून मोठ्या छिद्रांचे मीडियम कटऑफ डायलायझर आलेत, हीमोडायाफिल्ट्रेशनही आहे, म्हणजे डायलिसिसबरोबरच जास्तीचं पाणी गाळून काढून त्याजागी शुद्ध द्रव देणं, ज्याच्या २०२३ च्या कॉन्व्हिन्स ट्रायलमध्ये मृत्यूचं प्रमाण २१.९ वरून १७.३ टक्क्यांवर आलं. पण त्यासाठी चांगला रक्तप्रवाह, खास मशीन आणि फार शुद्ध पाणी लागतं. तुमचा आजचा प्रश्न लघवीचा आहे, म्हणून त्यात शिरत नाही.

पाण्याचं मात्र बोललंच पाहिजे, कारण हाय फ्लक्स सुचवणारे लोक हे क्वचित सांगतात. चार तासांच्या एका डायलिसिसला मिनिटाला ५०० मिलीने १२० लिटर डायलिसेट, म्हणजे शुद्ध पाण्यात क्षार मिसळलेला द्रव, बाबांच्या रक्ताच्या शेजारून वाहतं, मध्ये फक्त ती पातळ मेम्ब्रेन. हाय फ्लक्समध्ये छिद्रं मोठी असल्याने डायलायझरच्या एका टोकाला दाब उलटा होतो आणि थोडं डायलिसेट रक्तात शिरतं, याला बॅकफिल्ट्रेशन म्हणतात. पाण्यात बॅक्टेरियांचे एंडोटॉक्सिनचे तुकडे असतील तर तेही जायची शक्यता. ताप-थंडी येईलच असं नाही, आतल्या आत मंद सूज चालू राहते, आणि जर्मनीत २००२ ला झालेल्या एका स्टडीत, दोन वर्षं बघितलं तेव्हा, अतिशुद्ध डायलिसेटवर उरलेली किडनी हळू उतरलेली दिसली. म्हणजे खराब पाण्यावर हाय फ्लक्स लावणं हे पैसे घालून उलटा परिणाम ओढवून घेण्यासारखं आहे. नियम असे आहेत की साध्या डायलिसेटमध्ये मिलीला १०० पेक्षा कमी जंतू आणि ०.५ युनिटपेक्षा कमी एंडोटॉक्सिन हवं, आणि अल्ट्राप्युअर म्हणायचं तर ०.१ जंतू आणि ०.०३ युनिट. सेंटरला सरळ विचारा, आरओच्या पाण्याचा कल्चर आणि एंडोटॉक्सिन रिपोर्ट शेवटचा कधीचा आहे, मशीनच्या मागे एंडोटॉक्सिन फिल्टर लावलाय का आणि तो कधी बदलला. विचारायला लाजू नका, चांगल्या सेंटरमध्ये फाईल काढून दाखवतात, मी स्वतः माझ्या युनिटमध्ये पेशंटच्या नातेवाइकांना दाखवते.

याच्याच जोडीला री-यूज. आपल्याकडे डायलायझर धुऊन पुन्हा वापरतात, ते नीट केलं तर मी त्याला विरोध करणार नाही, पण तुम्ही हाय फ्लक्सचे जास्तीचे पैसे देणार असाल तर तो किती वेळा वापरणार, कशाने धुणार, फायबर व्हॉल्यूम, म्हणजे आतल्या बारीक नळ्यांत किती मावतं ते, मोजतात का हे विचारा. मूळ व्हॉल्यूमच्या ८० टक्क्यांखाली गेला की टाकायचा हा नियम आहे. आणि धुण्याच्या केमिकलप्रमाणे हाय फ्लक्सची ती मध्यम प्रोटीन काढायची ताकद बदलते, पेरासेटिक अॅसिडने कमी होऊ शकते, ब्लीचने वाढते पण त्यात कधी अल्ब्युमिनही गळतं. म्हणजे खोक्यावरचा आकडा सातव्या-आठव्या वापराला तसाच राहील असं धरू नका.

आता मुख्य मुद्दा, बीपी. मशीनवर पाणी ओढलं की रक्ताचं प्रमाण तात्पुरतं घटतं, आणि आजूबाजूच्या ऊतींतून पाणी परत रक्तात यायला वेळ लागतो. आपण त्या वेगापेक्षा घाईने ओढलं की बीपी पडतं. त्या वेळी किडनीला रक्त कमी मिळतं, आणि जखमी किडनीला स्वतःचा रक्तपुरवठा सांभाळायची ताकदच उरलेली नसते. कॅनडातल्या लंडन शहरातल्या टीमने डायलिसिस चालू असताना किडनीचे परफ्युजन स्कॅन काढले, तेव्हा तीन तासांत किडनीचा रक्तपुरवठा साधारण १८ टक्क्यांनी घटलेला दिसला. म्हणजे बीपी दणकन पडलं नाही तरी थोडा ताण पडतोच, आणि ज्या दिवशी ९० च्या खाली जातं त्या दिवसाबद्दल तर बोलायलाच नको. अमेरिका-कॅनडात आठवड्यातून सहा रात्री डायलिसिस करून बघितलं, त्यात लघवी उलट लवकर गेली. म्हणून जास्त डायलिसिस म्हणजे जास्त चांगलं हे गणित लघवी असलेल्या माणसाला लागू होत नाही.

बाबांसाठी आकडा काढू. सर्वसाधारण मर्यादा धरतात तासाला किलोमागे १३ मिली. ५८ किलोला तासाला साधारण ७५० मिली, चार तासांत ३ लिटर. त्यापेक्षा जास्त पाणी काढायची वेळ येत असेल तर वेळ वाढवावा, चाराचे साडेचार तास करावेत, वेग वाढवू नये. पण मला खरी शंका वेगळी आहे. बाबांना लघवी होतेय, म्हणजे त्यांच्या अंगात मुळात तेवढं पाणी साठत नसेल, आणि त्यांचं ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढून झाल्यावर असायला हवं ते वजन, पाच महिन्यांपूर्वीचंच लिहून ठेवलेलं असेल. डायलिसिस सुरू झाल्यावर भूक सुधारते, दोन-तीन किलो अंगावर मांस चढतं, आणि फाईलवर जुनंच वजन असतं, मग टेक्निशियन बिचारा त्या कागदाप्रमाणे ते मांसही पाणी समजून काढत बसतो. लक्षणं अगदी ठरलेली असतात. शेवटच्या तासात पोटऱ्यांत गोळे, जांभया, घाम, बीपी खाली, आणि घरी आल्यावर रात्रभर लघवीच नाही. तुम्ही घरी एवढं बघा, शुक्रवारच्या डायलिसिसनंतर पुढच्या बारा तासांत लघवी किती होते. जवळपास बंदच असेल तर पाणी जास्त काढलं जातंय. हे लिहून डॉक्टरांना दाखवा, मी तर माझ्या पेशंटच्या घरच्यांना डायलिसिसनंतरची पहिली लघवी किती वाजता झाली तेही लिहायला सांगते, त्या एका ओळीवरून ड्राय वेटबद्दल खूप काही समजतं.

बीपीच्या गोळ्यांचं पण विचारा. सकाळी सातला गोळी घेऊन आठला मशीनवर बसलं तर बीपी पडणारच, बऱ्याच जणांना डायलिसिसच्या दिवशी ती गोळी नंतर किंवा रात्री घ्यायला सांगतो, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, काही हृदयाच्या गोळ्या चुकवणं धोक्याचं असतं. डायलिसेटचं तापमान अर्धा डिग्री कमी ठेवायला सांगता येतं, थोडी थंडी वाजते, पांघरूण न्या, पण बीपी बऱ्यापैकी टिकतं. मशीनवर असताना भरपेट खाऊ नका, खाल्ल्यावर रक्त पोटाकडे जातं आणि बीपी पडतं, डबा नंतर खा.

आणि मीठ. पाणी कमी प्या, पाणी कमी प्या असं सगळे पेशंटच्या मागे लागतात, पण ठेचा, लोणचं, पापड, फरसाण बंद केल्याशिवाय तहान काबूत राहत नाही, माणूस तळमळतो आणि शेवटी पितोच. बाबांना लघवी आहे तेव्हा पाण्याचा हिशोब साधारण काल झालेली लघवी अधिक अर्धा लिटर असा धरतात, म्हणजे सव्वा लिटर. त्यांना कुणी दिवसाला अर्धाच लिटर सांगितलं असेल तर ते फार झालं, कोरडं पडूनही किडनी जाते. उन्हाळ्यात, जुलाब लागले तर, याहून जास्तही लागेल, त्या वेळी फोन करून विचारा.

औषधांबद्दल थोडं कळकळीने सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते टाळता येण्यासारखं असतं. गुडघा दुखला, कंबर धरली की गावातल्या दवाखान्यात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मिळतं, किंवा मेडिकलवाला अॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड देतो. कुणी हटकलं तर म्हणतात, डायलिसिस चालूच आहे, आता किडनीचं आणखी काय बिघडणार. बिघडतं ना, पाऊण लिटरचं पाव लिटर होतं! दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं, डोस विचारून घ्या. जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक्स दुसरा इलाज असेल तर टाळायची, डॉक्टरांना आधीच सांगायचं की लघवी होते हो अजून, नाहीतर डायलिसिसचा पेशंट म्हटल्यावर किडनी गेलीच असं धरूनच औषध लिहिलं जातं. सीटी स्कॅनचा डाय खरंच गरज असेल तरच. पण हृदयासाठी अँजिओग्राफी लागली तर लघवीच्या भीतीने ती टाळू नका, जीव आधी. भस्मं आणि नाव-गाव नसलेल्या पुड्या मात्र अजिबात नको.

लघवी वाढवायची गोळी, फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइड, डायलिसिस लागल्यावर बऱ्याच ठिकाणी आपोआप बंद केली जाते. बाबांची चालू आहे का बघा. तिने किडनी सुधारत नाही, विषं जास्त निघत नाहीत, पण पाणी आणि मीठ बाहेर पडतं, म्हणजे मशीनवर कमी ओढावं लागतं, म्हणजे बीपी कमी पडतं. डॉप्स या आंतरराष्ट्रीय पाहणीत जे ही गोळी घेत राहिले त्यांची लघवी वर्षभरानंतर टिकण्याची शक्यता जवळपास दुप्पट दिसली होती. डोस मोठा लागतो, कानावर परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनीच ठरवायचं. रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांचं चित्र तितकं सरळ नाही. हाँगकाँगमध्ये २००३ ला पोटाच्या डायलिसिसवर रामिप्रिलने किडनी हळू उतरली, पण डेन्मार्कमध्ये रक्ताच्या डायलिसिसवर इर्बेसार्टनने फरक पडला नाही. बीपी किंवा हृदयासाठी त्या गोळ्या हव्या असतील तर पोटॅशियम बघत द्याव्यात, फक्त लघवीसाठी मी आग्रह धरत नाही. आणि मेम्ब्रेनशी जोडलेली एक गोष्ट, एएन ६९ नावाच्या मेम्ब्रेनबरोबर रामिप्रिल-एनालाप्रिल गटातल्या गोळ्या चालत नाहीत, ब्रॅडिकायनिन वाढून गंभीर रिअॅक्शन येऊ शकते. आपल्याकडे ते मेम्ब्रेन फारसं दिसत नाही, तरी डायलायझर बदलताना चालू गोळ्यांची यादी दाखवायची सवय ठेवा.

आता मोजणं, कारण पाऊण लिटर हा तुमचा अंदाज आहे आणि नुसत्या लघवीच्या मापावरून किडनी किती काम करते ते कळत नाही, पाण्यासारखी लघवी भरपूर होऊनही विष कमी निघत असू शकतं. डायलिसिसच्या आदल्या दिवशी सकाळी सात वाजता लघवी करून ती टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशी सातपर्यंतची प्रत्येक लघवी एका कॅनमध्ये, संडासला जाताना होणारी पण, आणि शेवटची सातची पण. नंतर डायलिसिसच्या आधी रक्त द्यायचं. लघवीतला युरिया गुणिले लघवीचे मिली, भागिले १४४० मिनिटं गुणिले रक्तातला युरिया. उदाहरणार्थ लघवीत ६००, लघवी ७२० मिली, रक्तात १००, तर उत्तर येतं मिनिटाला ३ मिली. लॅबवाल्याला सांगा दोन्हीकडे युरियाच द्या किंवा दोन्हीकडे बीयूएनच (युरियातला फक्त नायट्रोजन) द्या, एकीकडे हे आणि एकीकडे ते आलं तर उत्तर दुपटीने चुकतं. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा हे करा, आणि मध्ये आजारपण झालं तर लवकर. बाबांचं आठवड्यातून दोनदाच होतंय ते या आकड्याच्या आधारावर आहे, मिनिटाला २ मिलीच्या खाली आलं तर दोनदा पुरणार नाही, तीनदा करावं लागेल, आणि तेव्हा डॉक्टरांशी वाद घालू नका. लघवी होतेय म्हणून दोनदाच करा असा हट्ट धरून आकडा न मोजता वर्ष काढणारे पेशंट शेवटी धाप लागून रात्री कॅज्युअल्टीत येतात.

शेजारच्या काकांच्या बोलण्यात तथ्य किती? डायबेटिस असेल, हृदयाचं पंपिंग कमी असेल तर लघवी लवकर कमी होते, हे खरं आहे आणि काही जणांची सगळं नीट करूनही जाते. मूळ आजार कुठला, सुरुवातीला किडनी किती उरली होती, यावर खूप काही अवलंबून असतं आणि ते आपल्या हातात नाही. पण वर्षभरात बंद होतेच असा नियम नाही, दोन-तीन वर्षं चांगली लघवी असलेले डायबेटिसचे पेशंट माझ्याकडे आहेत, आणि त्यातले बरेच जण लो फ्लक्सवरच आहेत.

तुमच्या जागी मी असते तर या महिन्यात हाय फ्लक्सचे पैसे बाजूला ठेवून आधी लघवीचं कलेक्शन केलं असतं, गेल्या आठ-दहा डायलिसिसच्या शीटचे फोटो काढले असते, त्यावर आधीचं वजन, नंतरचं वजन, किती पाणी काढलं आणि दर तासाचं बीपी असतं, आणि ते घेऊन नेफ्रॉलॉजिस्टना भेटून ड्राय वेट नव्याने ठरवायला सांगितलं असतं. पाण्याचा रिपोर्ट बघितला असता, गोळ्यांची पिशवी अख्खी नेऊन टेबलावर ओतली असती. हे सगळं जागेवर आलं, बीपी पडायचं थांबलं, आणि मग डॉक्टर म्हणाले की डायबेटिस आहे, अल्ब्युमिन कमी आहे, पाणी चांगलं आहे, हाय फ्लक्स घेऊ, तर जरूर घ्या. फक्त तेव्हा बीपी पडणं पूर्ण थांबलेलं असू द्या, कारण हाय फ्लक्सवर बदलल्यावरही पाणी किती काढायचं ते मशीनवर हातानेच सेट होतं आणि फाईलवर जुनं ड्राय वेट राहिलं तर तोच प्रकार पुन्हा होईल.